बँकिंग, क्वांट आणि बाबांचा टिप्पर

२०२३ सालच्या गणेश चवथीला आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी, माटोळीखाली (गणपतीच्या वर फळंफुलं टांगलेली चौकट) सगळे जेवायला बसले असताना मी सांगून टाकलं की मला आयटीत जायचं नाही. मामा म्हणाला, "मग?" मी म्हटलं, "इन्व्हेस्टमेंट बँकिंग, नाहीतर क्वांट." पहिला शब्द ऐकून मामा निवांत झाला. त्याच्या लेखी बँक म्हणजे बँक. त्याचा एक वर्गमित्र पणजीला शाखा मॅनेजर आहे, त्याच्या कानावर घालतो म्हणाला. दुसरा शब्द आजीने पकडला. "क्वांट म्हणजे कितें गो?" मी शेअर, संभाव्यता, कॉम्प्युटर असं काहीबाही जुळवून सांगितलं. आजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "म्हणजे मटको."

(आमच्या घरात बोलणं कोंकणी आणि वाचणं-लिहिणं मराठी. गोव्यातल्या पुष्कळ घरांत असंच असतं. म्हणून पुढची बोलणी मराठीत लिहिते आहे, मधेच एखादा शब्द सुटला तर चालवून घ्या.)

आजी फार चुकली नव्हती. त्याच वर्षी जानेवारीत सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, अभ्यास आला होता. २०२१-२२ मध्ये शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर आत्ताच करायच्या सौद्यांत, उतरलेल्या सामान्य माणसांपैकी ८९ टक्के तोट्यात होते आणि सरासरी तोटा होता १ लाख १० हजार रुपये. आमच्या वाड्यावरचे निदान दोघे त्या ८९ टक्क्यांत असणार. एकाची बुलेट त्या वर्षी अचानक दिसेनाशी झाली. फक्त आजीला एक सांगायचं राहून गेलं. मटक्यात आकडा लावणारा असतो तसा आकडा घेणाराही असतो आणि माझा डोळा त्या दुसऱ्याच्या खुर्चीवर होता. मांडवीतल्या कॅसिनो बोटीवरचं रूलेट एका शून्याचं असेल तर चाकावर ३७ घरं असतात आणि जिंकणाऱ्याला पैसे मिळतात ते ३६ घरं धरून. उरलेला ३७वा हिस्सा, म्हणजे २.७ टक्के, बोटीचा. एका रात्रीत कोण काय जिंकून गेलं याची बोटीला फारशी फिकीर नसते. मला हे फार सुंदर वाटायचं. घरी असं बोलायची सोय नव्हती.

आता टिप्परबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाबांनी टिप्पर घेतला २०१० मध्ये. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यात तेव्हा दारात टिप्पर नसलेला माणूस बावळट ठरायचा. चीनला खनिज जात होतं. खाणीवर भरायचं, जेटीवर नेऊन ओतायचं, तिथून बार्जने मुरगाव बंदर. पैसे खेपेवर. टिप्पर १६ लाखांचा, कर्ज १२ लाखांचं, पाच वर्षं मुदत, महिन्याचा हप्ता २६,७०० च्या आसपास. पावसाळ्यात वाहतूक बंदच असायची, म्हणून २०१२ च्या जूनमध्ये बाबांनी टिप्पर धुतला, ताडपत्री घातली आणि अंगणात लावला. सप्टेंबरमध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला आणि राज्य सरकारने खाणी थांबवल्या. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही थांबवल्या. सगळा गाव दसऱ्यानंतर खेपा सुरू व्हायची वाट बघत होता. मी पाचवीत होते. शाळेतून आले की दप्तर टिप्परच्या पायरीवर ठेवून मी आणि चुलतभाऊ केबिनमध्ये चढून स्टिअरिंग फिरवायचो. आम्हाला ती चंगळ होती. हप्ता मात्र दर महिन्याला येतच होता.

२०१४ मध्ये बंदी उठली, पण वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेसह. खेपा आल्या त्या अर्ध्यामुर्ध्या. २०१८ मध्ये खाणींच्या ८८ लीजांचं नूतनीकरण न्यायालयाने रद्द केलं आणि दुसऱ्यांदा सगळं थांबलं. त्यानंतर बाबांनी टिप्पर भंगाराच्या भावाने काढला. आता ते औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याची स्टाफ बस चालवतात.

मी गोव्यातल्याच एका इंजिनीअरिंग कॉलेजात, इलेक्ट्रॉनिक्सला. पहिलं वर्ष कोविडमुळे मोबाइलच्या पडद्यावर गेलं. तिसऱ्या वर्षी मावसभाऊ मुंबईहून आला, तो एका परदेशी बँकेच्या मुंबईतल्या ऑफिसात आहे. त्याने मला दोन वाक्यांत शिकवलं ते असं: बँकर कंपन्यांना पैसा उभा करून देतो आणि कंपन्यांची खरेदी-विक्री जुळवतो, त्याचं हत्यार एक्सेल आणि जीभ. क्वांट भावांमधली गणितं शोधतो, त्याचं हत्यार संभाव्यता आणि कोड. तिसरं वाक्य त्याने जाता जाता टाकलं आणि मी तेव्हा ते कानाआड केलं: "कार्डावर काय लिहिलंय ते बघू नकोस, टेबल कुठलं ते विचार."

माझं म्हणणं होतं की मी दोन्ही करून बघेन आणि मग ठरवेन. हे बोलायला सोपं. असल्या कंपन्या आमच्या कॅम्पसवर यायच्या नाहीत. झुआरीनगरला बिट्स पिलानीच्या कॅम्पसवर येतात, आणि आमच्या बसमधून बिट्सच्या इमारती दिसतात एवढाच आमचा संबंध. म्हणून जे काही करायचं ते कॅम्पसबाहेरून, ईमेल धाडून. मी किती ईमेल धाडले ते मोजले नाहीत. उत्तरं चार आली.

त्यातलं एक उत्तर मुंबईतल्या एका लहान मर्चंट बँकिंग फर्मचं. २०२३ च्या मेपासून जुलैपर्यंत, म्हणजे त्या चवथीच्या आधी, महिना १५ हजार रुपये. राहायला डोंबिवलीला मावशीकडे.

काम एसएमई आयपीओचं होतं. लहान कंपन्यांसाठी बीएसई आणि एनएसई या शेअर बाजारांनी २०१२ मध्ये वेगळे मंच काढले, तिथे कंपनीचे शेअर पहिल्यांदा विकून नोंदवायची तयारी. मला वाटलं होतं मी मूल्यांकन करणार, सौदे जुळवणार. पहिले तीन आठवडे मी बॅकअप शोधले. ऑफर डॉक्युमेंटच्या, म्हणजे शेअर घेणाऱ्यांसाठीच्या माहितीपत्रकाच्या, मसुद्यातला प्रत्येक आकडा, प्रत्येक विधान कुठल्या ना कुठल्या कागदावर उभं असावं लागतं. 'आम्ही या क्षेत्रात १९ वर्षं आहोत' असं लिहिलं की पहिलं चलन कुठाय? 'आमची क्षमता इतके टन' असं लिहिलं की चार्टर्ड इंजिनीअरचं प्रमाणपत्र कुठाय? कागद नसेल तर वाक्य खोडायचं. वकील खोडतात, ऑडिटर बदलतात, कंपनी परत घालते, आणि व्हर्शन १४ मध्ये जे खोडलं ते व्हर्शन १७ मध्ये जिवंत होऊन बसलेलं असतं. पहिल्या आठवड्यात दोनदा शेवटची लोकल चुकली. मावशी म्हणायची, "हे कसलं बँकेतलं काम? बँका पाचला बंद होतात."

पण मला ते आवडलं. सांगायला नको वाटतं, पण आवडलं.

एक प्रसंग तर मी अजून कुणाकुणाला सांगत असते. कंपनीचे मालक कोल्हापूरकडचे, फाउंड्री चालवणारे, साठीचे गृहस्थ. मसुद्यात 'जोखीम घटक' नावाचा मोठा भाग असतो. धंद्यात काय काय बिघडू शकतं ते कंपनीने स्वतःच लिहून द्यायचं. आमच्या मसुद्यातला पहिलाच घटक असा होता की पहिल्या पाच ग्राहकांकडून सत्तर टक्के विक्री येते आणि त्यातला एक जरी गेला तरी धंद्यावर मोठा परिणाम होईल. मालक भडकले. आमच्या फर्मचे साहेब फोनवर होते, खोलीत मराठी बोलणारी मी एकटीच. "आता मला सांगा म्याडम, माझ्याच कंपनीला मीच शिव्या घालू व्हय? सोयरिकीला गेल्यावर पोरगीची खोट कोण सांगतं?" मी कायदा सांगून बघितला, नियम सांगून बघितला. मग काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "काका, माझ्या बाबांचा एकच ग्राहक होता, खाण. ती बंद झाली. आमच्या कर्जाच्या कागदावर हे एक वाक्य कुणी लिहिलं असतं तर बाबांनी टिप्पर घेतला नसता, किंवा निदान जुना घेतला असता." ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. चष्मा काढून पुसला. "लिवा," म्हणाले.

तेव्हा मला वाटलं होतं, झालं, बँकिंगच.

मग जुलैतली एक रात्र. हे दुसऱ्याच एका कंपनीचं, आम्हाला काम मिळावं म्हणून तिच्या मालकाला दाखवायचं पिचबुक. ऑफर डॉक्युमेंटमध्ये भावाचं समर्थन ईपीएस (दर शेअरमागे कमाई), पीई (भाव त्या कमाईच्या किती पट), एनएव्ही (दर शेअरमागे मालमत्ता) आणि त्याच धंद्यातल्या इतर कंपन्यांशी तुलना, अशा आकड्यांनी करतात. पिचबुकात मात्र डीसीएफ असते, म्हणजे पुढची सगळी कमाई आजच्या किमतीत आणून ठेवायची. पुढची पाच वर्षं हाताने अंदाजायची आणि सहाव्या वर्षापासून अनंतकाळापर्यंतचं एका भागाकारात उरकायचं. येणारी रोकड भागिले, भांडवलाचा खर्च वजा वाढीचा दर. समजा सहाव्या वर्षाची रोकड १० कोटी, भांडवलाचा खर्च १२ टक्के, वाढ ५ टक्के. १० ला ०.०७ ने भागा, १४२.९ कोटी. रात्री साडेअकराला साहेब पाठीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ग्रोथ सहा टाकून बघ." १० भागिले ०.०६, म्हणजे १६६.७ कोटी. मी एक कळ दाबली आणि जवळजवळ २४ कोटी रुपये जन्माला आले. साहेब म्हणाले, "हां, आता बरं दिसतंय."

मी त्यांना खोटारडं म्हणत नाही. पाच बरोबर आणि सहा चूक असं कुणालाच सिद्ध करता येत नाही. तीच तर गोम आहे. अनंतकाळ कुणी बघायला जात नाही. आपला आकडा चुकला हे कळेपर्यंत बँकर दुसऱ्या फर्ममध्ये गेलेला असतो. पण लोकलमध्ये दारापाशी उभी राहून मी विचार करत होते तो वाढीच्या दराचा नव्हता. २०१० मध्ये आमच्या कर्जाच्या कागदावर खेपांचा आकडा कुणीतरी असाच टाकला असणार. आठवड्याला इतक्या, महिन्याला इतक्या, पाच वर्षं. बरं दिसत होतं, म्हणून.

जुलैअखेर त्यांनी सांगितलं, पास झालीस की ये. तोंडी नाही, ईमेलवर. म्हणजे हातात एक चिमणी होती. मी दुसरी पकडायला निघाले.

क्वांटची तयारी वेगळीच. पहिली चाळणी तोंडी गणिताची: ८ मिनिटांत ८० हिशेब, कॅल्क्युलेटर नाही, कागद नाही. मी रोज डिचोलीच्या बसमध्ये सराव करायची. शेजारची बाई एकदा काळजीने म्हणाली, "बाय, कितें पुटपुटता?" तिला वाटलं मी देवाचं करते. पहिली खरी परीक्षा ऑगस्टमध्ये, आणि आमच्या डिचोलीत ऑगस्टमध्ये वीज कधी जाईल ते फक्त विजेला ठाऊक. ३१व्या हिशेबाला गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, वायफायला नव्हती. मोबाइलचं हॉटस्पॉट लावेपर्यंत ४० सेकंद गेली. तरी निघाले. माझ्या आयुष्यातला तो एकमेव खेळ ज्यात मी घाम येईपर्यंत खेळले.

पुढची फेरी कोड्यांची. एक कोडं सांगते, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. नाणं उडवत राहायचं. लागोपाठ छापा-छापा येईपर्यंत सरासरी किती वेळा उडवावं लागेल? आणि छापा-काटा येईपर्यंत? दोन्ही जोड्यांची शक्यता चारात एक, म्हणून पहिल्या झटक्यात सगळेच म्हणतात सारखंच. पण छापा-काट्याला ४ वेळा लागतात आणि छापा-छाप्याला ६. छापा आलाय, आता काटा हवाय आणि पुन्हा छापाच आला, तर काही बिघडत नाही, तुम्ही त्याच पायरीवर. पण छापा हवा असताना काटा आला की सापाच्या तोंडात, पुन्हा पहिल्यापासून. हे कागदावर समीकरणाने सुटतं, पण सापशिडीने कळतं. मी हे असंच इंग्रजीत सांगितलं. समोरचा हसला आणि मी तिसऱ्या फेरीत गेले.

तिसऱ्या फेरीत मी आपटले. खेळ साधा होता. तो तीन फासे टाकणार, एकेक करून दाखवणार. बेरजेवर मी भाव द्यायचा, कितीला घेईन आणि कितीला विकेन. तो हवं ते करणार. तीन फाशांची सरासरी बेरीज साडेदहा. मी म्हटलं, १० ला घेते, ११ ला विकते. त्याने ११ ला घेतलं. पहिला फासा ६. आता योग्य भाव १३, म्हणजे सहा अधिक उरलेल्या दोघांचे सात. हे मला तेव्हाच दिसलं, शपथेवर सांगते. तरी तोंडातून निघालं, साडेअकरा-साडेबारा. त्याने साडेबाराला घेतलं. दुसरा फासा ५. योग्य भाव साडेचौदा. मी म्हटलं १३-१४. त्याने १४ ला घेतलं. तिसरा फासा ४, बेरीज १५. मी साडेसात रुपये हरले, म्हणजे खरे असते तर. तो सौम्यपणे म्हणाला, "गणित तुला येत होतं. भाव का हलवला नाहीस?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर सुचलं. आत्ताच ११ ला विकलेली वस्तू पुढच्या क्षणी १३ ची म्हणायची मला लाज वाटली. आपण मघाशी चुकलो हे कबूल केल्यासारखं. मुंबईत तीन महिने मी आकड्याला धरून बसायला शिकले होते, सगळ्यांसमोर, न डगमगता. इथे नेमकं उलटं हवं होतं. डिचोलीच्या बाजारात आईला बांगडे विकणारी बाई हे रोज करते. आठला एक भाव, अकराला दुसरा, पाऊस आला की तिसरा, आणि मघाच्या भावाबद्दल विचारलंत तर तुमच्याकडेच वेड्यासारखं बघते. त्या फेरीत तिला बसवलं असतं तर ती निवडली गेली असती.

नकाराचा ईमेल दोन ओळींचा होता. आणखी दोन कंपन्यांतही मी शेवटच्या फेरीच्या अलीकडेपलीकडे पडले. रडले वगैरे ते सोडून देऊ.

डिसेंबरमध्ये मावसभावाने एक लिंक पाठवली. एका परदेशी बँकेचं बंगळुरूतलं ऑफिस, जागेचं नाव 'क्वांटिटेटिव्ह अॅनालिस्ट', खाली बारीक अक्षरात 'मॉडेल व्हॅलिडेशन'. मी ते बारीक अक्षर नीट न वाचताच अर्ज केला. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात वाचलं तेव्हा कळलं की हे भाव सांगणाऱ्यांचं टेबलच नव्हे. ट्रेडिंग डेस्कचे क्वांट मॉडेल, म्हणजे भाव काढायची सूत्रं, बनवतात, आणि दुसऱ्या खोलीतले लोक, ज्यांचा त्या डेस्कच्या नफ्याशी संबंध नाही, ते मॉडेल मोडायचा प्रयत्न करतात. हे हौस म्हणून नाही. २००८ च्या संकटानंतर अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने एप्रिल २०११ मध्ये एसआर ११-७ नावाचं मार्गदर्शक पत्रक काढलं. मॉडेल चुकीचं असू शकतं किंवा चुकीच्या जागी वापरलं जाऊ शकतं, आणि ते तपासणारा माणूस बनवणाऱ्यापासून स्वतंत्र हवा, असं त्यात आहे. पत्रक रटाळ आहे. मी कदंबच्या बसमध्ये एका बैठकीत वाचलं आणि फर्मागुडीचा स्टॉप मागे गेल्याचं मला कळलं नाही.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "तेलाचा भाव शून्याखाली गेला तर ऑप्शनच्या तुझ्या सूत्राचं काय होईल?" हा प्रश्न हवेतला नाही. २० एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. तेल घ्या आणि वर पैसेही घ्या, कारण ठेवायला जागा नाही. नेहमीच्या सूत्रात भावाचा लॉग घेतात आणि उणे संख्येचा लॉग निघत नाही. सूत्र तिथेच तोंडावर पडतं. तिथल्या वायदे बाजाराला तेव्हा फ्रेंच गणिती बॅशेलिएचं मॉडेल घ्यावं लागलं, १९०० सालच्या पॅरिसमधल्या प्रबंधातलं. त्यात भाव शून्याखाली जाऊ शकतो, आणि इतकी वर्षं तोच त्याचा दोष मानला गेला होता. एवढं मी सांगितलं. मग तोंडातून निघून गेलं, "मॅडम, अशी वस्तू आमच्या अंगणात काही वर्षं उभी होती."

त्यांनी विचारलं म्हणून सांगावं लागलं. २०१३ मध्ये आमच्याकडचे टिप्पर फुकट न्यायलाही कुणी तयार नव्हतं, कारण नेणाऱ्याला त्याचा रोड टॅक्स, विमा भरावा लागला असता आणि टायर उभ्या उभ्या कुजत होते. खेपा शून्यावर थांबल्या, खर्च शून्यावर थांबला नाही. टिप्परची किंमत उणे होती. बाई हसल्या नाहीत, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

दुसऱ्या फेरीत व्याजदरांवर आले. तीन महिन्यांपासून तीस वर्षांपर्यंतच्या मुदतींचे दर रोज हलतात, पण त्या सगळ्या हालचालीचा बहुतेक भाग तीनच घटकांत बसतो: सगळी पातळी वरखाली, उतार कमीजास्त, मधला फुगवटा. हे वेगळं काढायच्या गणिताच्या मुळाशी जे प्रमेय आहे ते पुस्तकांत कारहुनेन-लोएव्ह नावाने येतं. त्या दोघांच्या आधी, १९४३ मध्ये, ते दामोदर कोसंबींनी मांडलं होतं. मराठी वाचकाला कोसंबी माहीत असतात ते इतिहासकार म्हणून. जन्म गोव्यातल्या कोसबेचा. शाळेत असताना आम्हाला बसमध्ये कोंबून कला अकादमीतल्या कोसंबी विचार महोत्सवाला नेलं होतं आणि त्यातलं मला फक्त मधल्या सुट्टीतले बटाटवडे आठवतात. मुलाखतीत मी बटाटवडे वगळून बाकीचं सांगितलं. थोडा भाव मारला, नाकारत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझ्यापुढे दोन कागद होते. मुंबईची फर्म आणि बंगळुरूची तपासणी. उत्तर द्यायला दहा दिवस. मावसभाऊ म्हणाला, "व्हॅलिडेशन म्हणजे कोपऱ्यातलं काम. पैसा डील करणाऱ्याला मिळतो. कोपऱ्यातून फ्रंटला येणं सोपं नसतं." तो खरंच बोलत होता, अजूनही खरंच आहे. बँकिंगमध्ये दोन-तीन वर्षं रात्री जाळल्या तर पुढे दारं उघडतात, एमबीए, प्रायव्हेट इक्विटी. माझ्या वर्गातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने मुंबई सांगितलं असतं. मी एक्सेलमध्ये तक्ता केला, गुण दिले, वजनं दिली, आणि मुंबई जिंकली. मग माझ्या लक्षात आलं की मी वजनं बदलून बघते आहे. बंगळुरू जिंकेपर्यंत. ग्रोथ सहा टाकून बघ.

त्या संध्याकाळी बाबा वसाहतीच्या गेटबाहेर बस धूत होते. मी पाण्याची पाइप धरली आणि सांगितलं की काम असं असं आहे. दुसऱ्याने बनवलेली गोष्ट रस्त्यावर जाण्याआधी आपण तपासायची, ती कुठे फेल होईल ते शोधायचं आणि लिहून द्यायचं.

"म्हणजे पासिंग," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. तीन महिने मी लोकांना हे समजावत होते आणि मला हा शब्द सुचला नव्हता.

बाबांनी मग एका आरटीओ इन्स्पेक्टरची गोष्ट सांगितली. टिप्पर नवाकोरा दिसत असताना त्याने मागच्या ब्रेकवरून परत पाठवला होता. दोन दिवसांच्या खेपा बुडाल्या. बाबांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. ब्रेक बदलून घेतला तेव्हा मेकॅनिकने जुना लायनर हातात दिला, पापडासारखा. जेटीचा उतार कसा असतो ते मला माहीत आहे, मी त्यांच्यासोबत बसून गेलेली आहे. बाबा इंजिनच्या झाकणावरून फडकं फिरवत होते. "टिप्परचं पासिंग दर वर्षी केलं," ते म्हणाले. "कर्जाचं कुणी केलं नाही." आणि मला पाइप जरा वर धरायला सांगितली.

बंगळुरूला मी जुलै २०२४ ला रुजू झाले. काम संथ आहे. एका मॉडेलची तपासणी दोन-तीन महिने चालते आणि अहवाल ऐंशी पानांचा होतो, त्यातली पहिली दोन वाचली जातात. बनवणारे लोक आमच्यापेक्षा हुशार असतात, निदान त्यांना तसं वाटतं, आणि कॅन्टीनमध्ये ते आपल्यासोबत बसतील अशी अपेक्षा ठेवू नये. मुंबईची आठवण येते. त्या कोल्हापूरच्या काकांनी कंपनी शेअर बाजारात लिस्ट झाली त्या दिवशी घंटा वाजवतानाचा फोटो पाठवला होता, फेटा बांधलेला. मी त्या फोटोत असायला हवी होते असं मला दोन दिवस वाटत राहिलं. आपल्याकडे घंटा वाजत नाही.

२०२५ च्या चवथीला घरी गेले. आजीने विचारलं मटको कसो चलता. मामाला अजून वाटतं की मी बँकेत लोन पास करते, त्याला घराच्या कर्जाचं विचारायचं होतं. बाबा माटोळीला सुपारीचा घड बांधत होते, मी स्टूल धरून उभी.

"या वर्षी काही नापास केलंस?"

"एक."

"मालक भांडला?"

"तीन मीटिंगा. त्यांनी फक्त चांगल्या वर्षांचा डेटा घेतला होता."

बाबांनी गाठ ओढून बघितली, घड नीट बसला की नाही ते खालून एकदा पाहिलं.

"ब्रेक?"

"ब्रेकच," मी म्हटलं.